कारुसोच्या पाठीमागची माणसं

(काळी तबकडी फिरते आहे. सुईची खरखर.)

खरखरीकडे जरा कानाडोळा करा. गातोय तो एन्रिको कारुसो, इटलीतल्या नेपल्सचा टेनर, म्हणजे उंच पट्टीत गाणारा पुरुष गायक. साल १९०७. ऑपेरा लिओनकावाल्लोचा, 'पाल्याच्ची'. बायकोचा दगा नुकताच कळलेला एक विदूषक. खेळाची वेळ झालीय, तोंडाला रंग फासून लोकांना हसवायला उभं राहायचंच आहे. हेच पद कारुसो १९०२ आणि १९०४ मध्ये पियानोच्या साथीवर गाऊन चुकला होता. इथे मागे वाद्यवृंद आहे.

पण हा वाद्यवृंद असा किरटा, पिपाणीसारखा का वाजतो? वादक कच्चे होते म्हणून नव्हे.

तेव्हा ध्वनिमुद्रणाला मायक्रोफोन नव्हता. होता पत्र्याचा कर्णा. त्याच्या निमुळत्या टोकाला पातळ पडदा, पडद्याला सुई, सुईखाली फिरणारी मेणाची जाड चकती. आवाजाने पडदा थरथरायचा आणि सुई मेणात चरा काढायची. आवाज वाढवायची काही सोयच नाही! म्हणून गायक कर्ण्याच्या तोंडाशी, आणि वादक त्याच्यामागे एकमेकांना खेटून. व्हायोलिनचा नाजूक स्वर पोचत नसे, म्हणून धातूचा भोंगा जोडलेलं स्ट्रो व्हायोलिन वापरत. डबल बास या मोठ्या तंतुवाद्याचे खालचे स्वर बऱ्याचदा ट्यूबा या पितळी वाद्यावर फुंकले जात. ढोलांना शक्यतो सुट्टीच. चूक झाली की चकती बाद, पुन्हा पहिल्यापासून. झालेलं वाजवून बघावं, तर मऊ मेणातला चरा बिघडायचा.

कारुसो १९२१ मध्ये गेला, अवघ्या ४८व्या वर्षी. आणि १९२५ मध्ये मायक्रोफोनवरच्या तबकड्या बाजारात आल्या. त्याच्या तबकड्या काढणाऱ्या व्हिक्टर कंपनीला चुटपुट लागणारच. १९३२ मध्ये व्हिक्टरने त्याच्या जुन्या आवाजावर नवा, भरदार वाद्यवृंद चढवला. गायक आणि जुनी साथ एकाच चऱ्यात कोरलेली, वेगळी काढता येईना. म्हणून नव्या साथीने जुनीला झाकायचं. १९७६ मध्ये टॉमस स्टॉकहॅम या अमेरिकन अभियंत्यांनी वेगळी वाट धरली. संगणकाने कर्ण्याचा घुमारा तेवढा कमी केला. पुढे २०००च्या सुमारास व्हिएन्नाच्या रेडिओ सिंफनी या वाद्यवृंदानेही कारुसोमागे साथ धरली.

स्टॉकहॅम यांचं काम मला पटतं. त्यांनी पदरचं काही घातलं नाही. नव्या वाद्यवृंदांचं मात्र काही केल्या जुळत नाही. कारुसो स्वर ताणतो, सैल सोडतो, मध्येच रेंगाळतो. १९०७च्या खोलीत वादक त्याच्या श्वासाकडे कान लावून बसले होते, आणि त्यांचा सूर त्याच्याही कानावर पडत होता. नंतरचे वादक त्याच्या मागे धावतात. तो त्यांच्यासाठी थांबणार कसा?

आता दोन्ही मुद्रणं लागोपाठ ऐकवतो. आधी १९३२चं, मग १९०७चं. 'रीदी, पाल्याच्चो' (हस, विदूषका) या ओळीवर तो वर चढतो, तिथे गळ्याकडे नको, साथीकडे कान द्या.