मातीची वाट आणि रोलरवाले काका

श्रोतेहो, नमस्कार. महूच्या पुढे माळव्याचे पठार संपून विंध्याचा उतार निमाडाकडे लागतो, त्या बाजूला डोंगरी सायकली घेऊन निघालेली आपल्या इंदूरची तरुण मंडळी आता रविवारी सकाळी सहज दिसतात. त्यांच्यासाठी खास पार्क बांधायचा म्हणजे काय करायचे, हा आजचा विषय आहे. हा खेळ १९९६ सालीच अटलांटा ऑलिंपिकमध्ये दाखल झाला, तेव्हा त्याला पोरखेळ समजू नये.

पार्कचे मुख्य काम मातीचे असते आणि मातीचा वैरी पाणी. वाट डोंगरावरून नाकासमोर खाली उतरवली, तर पहिल्या पावसात तिचा ओहोळ होतो; म्हणून ती उताराला आडवी काढतात आणि तिचा चढ डोंगराच्या त्या जागच्या उताराच्या निम्म्याहून कमी ठेवतात. पुन्हा सांगतो, निम्म्याहून कमी. वाटेची बाहेरची कड किंचित झुकती ठेवली की पाणी बाजूला उतरून जाते. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून ती उपसून मुरूम भरावा व पाणी मारून ठोकून बसवावा.

आता एक किस्सा, जो सांगितल्यावाचून मला राहवत नाही. शहराबाहेर माझ्या परिचयातील मुलांनी पंप ट्रॅक बांधला. पंप ट्रॅक म्हणजे ओळीने मातीचे उंचवटे आणि वळणांवर कलते काठ. त्यावर पायडल न मारता, उंचवट्यावर अंग हलके करून आणि खळग्यात सायकल दाबून वेग मिळवायचा असतो. मुलांनी एकेक उंचवटा फावड्याने घडवला होता. उद्घाटनाच्या आदल्या संध्याकाळी गाड्या उभ्या करण्याची जागा सपाट करायला रोलर मागवला आणि मुले मंडपाच्या कामाला लागली. रोलरवाले काका जन्मभर रस्त्यांवर राबलेले. आपले काम संपल्यावर त्यांना हे ढीग दिसले. उद्या साहेब लोक येणार आणि मैदान असे ओबडधोबड, याचे त्यांना मनापासून वाईट वाटले, आणि जादा पैसे न मागता त्यांनी निम्मा ट्रॅक कॅरमबोर्डासारखा करून टाकला. मुले धावत आली, तेव्हा काका गमछ्याने मान पुसत म्हणाले, "भिया, अब देखो, एकदम चकाचक!" रागवायचे तरी कोणावर? एकाने त्यांना मोबाइलवर पंप ट्रॅकची चित्रफीत दाखवली, ती त्यांनी दोनदा पाहिली, आणि मग हॅलोजनच्या उजेडात मुले माती रचत असताना काकाच पाण्याचा पाइप धरून उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी पाहुणे उशिरा आले आणि सायकलीविषयी एक वाक्यही न बोलता भरपूर बोलले. फीत कापायला मोठा माणूसच का लागतो, हे मला कळत नाही. पहिली फेरी मारणाऱ्या पोराने ती खुशाल कापावी.

पार्क उघडण्याचा मुहूर्त मात्र पाहुण्यांच्या सवडीने धरू नये. एक पावसाळा जाऊ द्यावा, भर सरीत छत्री घेऊन वाटेवरून चालावे, पाणी कुठे साचते तिथे खुंट्या ठोकाव्यात आणि दिवाळीपूर्वी तेवढी दुरुस्ती करून मगच सायकली सोडाव्यात. पुढेही वाट ओली असेल त्या दिवशी फाटकाला साखळी लावावी, कारण ओल्या मातीत पडलेली चाकोरी वाळून घट्ट होते आणि पुढच्या सरीचे पाणी नेमके तिच्यातूनच धावते.