जुनापाणीच्या माळावर काय पाहायचं

(शिळावर्तुळांच्या सहलीआधी नागपुरात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

रविवारी सकाळी आपण काटोल रस्त्याने जुनापाणीला निघणार आहोत. त्याआधी तुमच्या अपेक्षा थोड्या खाली आणणं, हे माझं आजचं पहिलं काम. शिळावर्तुळ म्हटलं की डोळ्यांपुढे इंग्लंडचं स्टोनहेंज उभं राहतं. उंचच उंच खांब, त्यांवर आडव्या शिळा, मागे उगवता सूर्य. तसलं इथे काही नाही. गुडघ्याएवढे, फार तर कमरेएवढे काळे गोटे गोल मांडलेले आहेत आणि गोलाच्या आतली जमीन बाहेरच्यापेक्षा जराशी फुगलेली आहे. बस्स. कितीतरी जण वर्तुळाच्या मधोमध उभे राहून मला विचारतात, "अहो, पण ते वर्तुळ कुठंय?"

एकट्या जुनापाणीत अशी 300 च्या आसपास वर्तुळं आहेत. माहुरझरी, टाकळघाट, खापा, नायकुंड, बोरगाव, भागीमोहरी, हिंगण्याजवळचं रायपूर, सगळीकडे तीच तऱ्हा. नागपूर जिल्हा म्हणजे या वर्तुळांचं आगरच. आणि आपल्यातले निम्मे लोक त्यांना अजून 'अश्मयुगीन' म्हणतात! दगड दिसले की अश्मयुग, असा आपला हिशेब. प्रत्यक्षात ही वर्तुळं लोखंड वापरणाऱ्या माणसांनी आपल्या मयतांसाठी मांडलेली आहेत, ढोबळमानाने इसवी सनपूर्व 1000 ते 300 या काळात. म्हणजे बुद्धाच्या आधीपासून थेट मौर्यांच्या काळाला टेकेपर्यंत. स्टोनहेंजचे मोठे खांब उभे राहिले ते इसवी सनपूर्व 2500 च्या सुमारास. मधे दीड-दोन हजार वर्षं गेली. तेव्हा 'आपलं स्टोनहेंज' वगैरे मथळे वर्तमानपत्रांना लखलाभ.

हा तुलनेचा नाद मात्र जुना आहे. रिव्हेट-कार्नाक नावाचा एक इंग्रज अधिकारी होता, मध्य प्रांतात कापूस खात्याचं काम पाहायचा. त्याने जुनापाणीच्या दगडांवर कोरलेले छोटे गोल खळगे पाहिले आणि स्कॉटलंड-इंग्लंडमधल्या दगडांवर असेच खळगे असतात, हे त्याच्या लक्षात आलं. 1879 मध्ये त्याने यावर निबंध छापला. त्या काळच्या विद्वानांना सगळीकडे भटक्या शक टोळ्या दिसायच्या. युरोपातून की मध्य आशियातून निघालेले कुणीतरी लोक इथवर दगड मांडत आले, अशी ती कल्पना. आज ती कुणी मानत नाही. मेलेल्याच्या भोवती दगड मांडावेत हे माणसाला वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या काळी आपापलं सुचलेलं आहे. सेनेगल-गाम्बियातही शिळावर्तुळं आहेत, तिथे कुणी शक पोचले नव्हते.

रिव्हेट-कार्नाकच्या आधीही एक जण होता, आणि त्याचं नाव तुम्हा सगळ्यांच्या तोंडी आहे. स्टीफन हिस्लॉप. ज्याच्या नावाने नागपुरात कॉलेज आहे, तोच. मिशनरी, पण मन दगडांत आणि जीवाश्मांत रमलेलं. सप्टेंबर 1863 मध्ये तो टाकळघाटची वर्तुळं पाहायला मध्य प्रांताचे मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल यांच्या लवाजम्यासोबत गेला होता. बोरीची शाळा तपासून घोड्यावरून एकटाच मुक्कामाकडे परतत होता. नाल्याला पूर आलेला. त्यात तो वाहून गेला. विदर्भाच्या पुरातत्त्वाच्या इतिहासातलं पहिलं पान हे असं आहे. आपण पावसाळ्यात सहल काढत नाही, त्याला हेही एक कारण समजा.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. तुम्ही वर्तुळ पाहायला जाता, दगड मोजता, फोटो काढता आणि परत येता. माझं म्हणणं असं, की दगड शेवटी पाहा. आधी माती पाहा, उतार पाहा, नाला कुठे आहे ते पाहा.

मातीपासूनच सुरू करू. जुनापाणीचा माळ मुरमाड आहे. हात-दोन हात खणलं की मुरूम आणि खडक. काळ्या पाषाणाचे थर झिजताना कोपरे गळून गोल गोटे आपोआप तयार होतात, त्यामुळे दगड घडवायची गरज नव्हती, निवडून ओढत आणले की झालं. पण उत्खननात वर्तुळाचं पोट कापून पाहिलं, तेव्हा आत काय निघालं? चिकट काळी माती. माळावर जी नाही तीच. ही माती खालच्या अंगाने, नाल्याकाठच्या वावरांतून टोपल्याटोपल्यांनी वर आणलेली आहे. तिच्यात अस्थी आणि वस्तू ठेवायच्या, वरून पुन्हा माती, आणि सगळ्यावर गोट्यांचा, चुरीचा जाड थर. तुम्हाला दिसतो तो फुगवटा हाच.

जरा हिशेब करू. बारा मीटर व्यासाचं वर्तुळ धरा आणि आत फक्त अर्धा मीटर काळी माती. होतात जवळजवळ 56 घनमीटर. आजच्या ट्रॅक्टरच्या अठरा-वीस ट्रॉल्या. यात गोटे धरलेले नाहीत. टोपलीत भरून, डोक्यावर घेऊन, चढ चढून हे सगळं वर नेलेलं आहे, आणि तेही एका मयतासाठी. गाव एकत्र आल्याशिवाय हे होत नाही. त्या काळच्या समाजात कुणाला मान होता, कुणाच्या शब्दावर शंभर हात कामाला लागत होते, हे मला सोन्याच्या मण्यांपेक्षा या मातीतून जास्त कळतं.

बरं, इतकं करून आत माणूस सापडतोच असं नाही. अस्थी बहुतेक तुकड्यांत मिळतात. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, त्यात हाडांचा चुरा होतो. शिवाय अनेकदा प्रेत आधी दुसरीकडे ठेवून नंतर निवडक हाडं इथे पुरलेली असावीत. काही वर्तुळांत तर माणसाचा मागमूस नाही. म्हणजे परक्या मुलखात मेलेल्याचं ते स्मारक असेल का? असेलही. अशा प्रश्नांना मी घाईने उत्तर देत नाही.

वस्तू मात्र भरपूर निघाल्या. नागपूर विद्यापीठाच्या शां. भा. देव यांनी 1968 च्या सुमारास टाकळघाट-खापा आणि मग 1970 ते 72 या काळात माहुरझरी खणली. तिथली एक वस्तू मी तुम्हाला नीट सांगतो. लोखंडी कुऱ्हाड. सपाट पातं, त्याला दांडा बसवायला भोक नाही. मग दांड्याला कशी बांधली? लोखंडाच्या पट्ट्या पात्यावरून फुलीसारख्या आडव्यातिडव्या वळवून आवळलेल्या आहेत. या पट्ट्या गंजून पात्याला चिकटल्या, म्हणून आजही दिसतात. लाकूड कधीच कुजून गेलं. अशी आवळपट्टीची कुऱ्हाड ही विदर्भाची खास ओळख. संग्रहालयात जाल तेव्हा काचेला नाक लावून ती फुली शोधा. भोक पाडलेली कुऱ्हाड जिथे सहज करता आली असती, तिथे ही जुनी पद्धत का चालू ठेवली, याचा विचार करत बसावं असं ते काम आहे.

दुसरी गोष्ट घोडा. माहुरझरीत माणसांसोबत घोड्याची हाडं मिळाली, त्यांवर कापल्याच्या खुणा आहेत. म्हणजे घोडा मारून ठेवला. तोंडातली लोखंडी कडी आणि मस्तकावरचे तांब्याचे दागिनेही सोबत. घोडा म्हणजे त्या काळी चैन. तो जिवंत ठेवला तर कामाचा, विकला तर मोलाचा, आणि हे लोक तो मातीत घालत होते. तांब्याच्या मुठीचे खंजीर, पक्ष्यांनी सजवलेली तांब्याची झाकणं, कार्नेलियनचे, म्हणजे लालसर अकीक दगडाचे मणी यांबद्दल बोलायला लागलो तर रात्र होईल.

खापरांबद्दल एवढंच सांगतो, कारण ती तुमच्या पायाखाली येणार आहेत. आतून काळं, बाहेरून खाली लाल आणि काठाशी पुन्हा काळं असं खापर दिसलं तर थांबा. भांडं उपडं ठेवून भाजलं की आत हवा पोचत नाही, तो भाग काळा पडतो आणि उघडा भाग लाल होतो. एकाच भट्टीत दोन रंग.

मग हे लोक राहत कुठे? गंमत अशी, की वर्तुळं शेकड्यांनी आणि वस्त्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. जिथे वस्ती मिळाली, तिथे चित्र स्पष्ट होतं. नायकुंडला पेंच नदीकाठी देव आणि अ. प्र. जामखेडकर यांनी 1977 ते 80 मध्ये खणलं. लोखंड गाळायची भट्टी निघाली, मातीच्या वळणदार विटांची, हवा फुंकायच्या नळ्यांसकट. शेजारी लोखंड गाळून उरलेली मळी पडलेली. विदर्भातल्या वस्त्यांतून भात, गहू, जव, मसूर, वाटाणा, बोरं यांचे जळके दाणे मिळालेत. म्हणजे ही माणसं दोन्ही हंगाम घेणारी शेतकरी होती.

आता पुन्हा माळावर या आणि खाली पाहा. काळी जमीन पिकाला, पाण्याजवळची जागा राहायला, आणि जिथे नांगर लागत नाही तो मुरमाड माळ मेलेल्यांना. कुठे काय करायचं हे त्यांनी ठरवलेलं होतं. आजही गावात जा, स्मशान कुठे असतं? चांगल्या वावरात कधीच नाही. ही निवड समजली की वर्तुळ शोधायला पाटी लागत नाही. रिकाम्या दिसणाऱ्या माळाकडे नजर आपोआप वळते.

भंडारा-चंद्रपूरकडे गेलात तर वेगळा प्रकार दिसेल. चिमूर तालुक्यातलं हिरापूर किंवा भंडाऱ्याकडचं पिंपळगाव. तिथे डोल्मेन आहेत, म्हणजे उभ्या दगडी पाटांवर आडवा पाट ठेवून केलेली खोली. ते पाहिल्यावर लोकांना बरं वाटतं, 'काहीतरी पाहिल्यासारखं'. जरूर पाहा. पण आधी जुनापाणी पाहा, म्हणजे डोळा तयार होतो.

खळग्यांबद्दल प्रश्न येणारच, म्हणून आधीच बोलून टाकतो. ते ताऱ्यांचे नकाशे आहेत का? काही अभ्यासकांनी दगडांच्या दिशा मोजून आकाशाशी संबंध जोडायचा प्रयत्न केला आहे. तो प्रामाणिक आहे. पण शेकडो खळगे आणि हजारो तारे घेतले तर काहीतरी जुळणारच, हे लक्षात ठेवा. खळगे ठराविक दगडांवरच आहेत, सगळ्यांवर नाहीत, आणि पुष्कळदा ओळीत कोरलेले आहेत, एवढं मात्र कुणीही जाऊन तपासू शकतं. दुपारी ते दिसत नाहीत. ऊन डोक्यावर असलं की दगड सपाट दिसतो. सकाळी कोवळं ऊन आडवं पडतं तेव्हा प्रत्येक खळग्यात सावली भरते आणि ओळ उठून येते. म्हणून लवकर निघायचं. आणि हिवाळ्याच्या अखेरीस जायचं, कारण पावसानंतर कमरेएवढं गवत असतं, त्यात वर्तुळ काय, गाय हरवते.

गावकऱ्यांशी बोला. पूर्वी लोक ही वर्तुळं गवळी राजांची म्हणत, कुणी पांडवांची म्हणतं. खरं-खोटं करायला जाऊ नका. ऐकून घ्या. गुराख्याला माहीत असलेली वर्तुळं आमच्या यादीत नसतात. आणि मेलेल्यासाठी दगड उभा करणं ही आपल्याकडे केवळ जुनी गोष्ट नाही. गडचिरोलीत भामरागडकडे माडिया लोक आजही आपल्या मयतांचे दगड उभे करतात. त्यांच्या रीतीवरून तीन हजार वर्षांपूर्वीच्या माणसांचे विधी थेट काढू नयेत. पण दगडाजवळ कसं वागायचं, हे त्यांच्याकडून शिकायला हरकत नाही.

एका श्रोत्याने विचारलं, की सरकारी संरक्षण असताना वर्तुळं नाहीशी का होतात. ज्या स्मारकांना केंद्राचं संरक्षण आहे, त्यांना 1958 चा कायदा लागू आहे. 2010 च्या दुरुस्तीनंतर त्यांच्या सीमेपासून 100 मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आणि त्यापुढच्या आणखी 200 मीटरमध्ये परवानगी लागते. पण संरक्षित वर्तुळं थोडी, उघडी फार. ज्या कारणाने त्या लोकांनी मुरमाड माळ निवडला, नेमका तोच मुरूम आज रस्त्याच्या भरावाला हवा असतो. शहर वाढलं की लेआउटही आधी नापीक जमिनीवरच पडतात. जेसीबीला वर्तुळ म्हणजे आयते गोळा करून ठेवलेले गोटे. तुम्ही गेलात तर मोबाइलवर जागेची खूण टिपून ठेवा, प्रत्येक वर्तुळाचा फोटो घ्या, मधे काठी ठेवून, म्हणजे माप कळतं. अशा नोंदी कामाला येतात. खापर उचलून घरी आणू नका. जागेवर आहे तोवर त्याला अर्थ आहे, तुमच्या शोकेसमध्ये गेलं की तो फक्त मडक्याचा तुकडा.

शेवटचा प्रश्न एका तरुणाने हसत विचारला, सोनं सापडतं का? माहुरझरीत सापडलं आहे, पण अगदी थोडं, दागिन्यांपुरतं. आणि गुप्तधनाच्या नादाने ज्यांनी वर्तुळांच्या मधोमध खड्डे घातलेत, त्यांना बहुतेक वेळा गंजलेलं लोखंड आणि फुटकी मडकी मिळाली आहेत. ती त्यांनी तिथेच फेकून दिली. असे खड्डे तुम्हाला रविवारीही दिसतील. राहता राहिला कायदा. 1878 चा गुप्तधन कायदा आजही लागू आहे, आणि जमिनीत सापडलेली दहा रुपयांवरची वस्तू कलेक्टरला कळवावी लागते. रक्कम अजून दहाच आहे, ती कुणी वाढवलेली नाही.