बॅटरी गेली, असं म्हणण्याआधी

श्रोतेहो, नमस्कार.

सकाळी निघायची घाई आहे. तुम्ही मोटरसायकलची किल्ली फिरवली, स्टार्टरचं बटण दाबलं, आणि सीटखालून नुसतं 'टक' ऐकू आलं. पुन्हा दाबलं, पुन्हा 'टक'. अशा वेळी बहुतेक जणांच्या तोंडून एकच वाक्य निघतं, 'बॅटरी गेली.' आणि संध्याकाळपर्यंत गाडीत नवी बॅटरी बसलेलीसुद्धा असते. आज मला या वाक्याबद्दलच बोलायचं आहे. बॅटरी खरंच गेली का, हे कसं ओळखायचं? आणि गेलीच असेल, तर नवी कशी निवडायची, कशी सांभाळायची?

सुरुवातीला तीन आकडे सांगतो. हातात कागद असेल तर लिहून घ्या, नसेल तर मी ते पुन्हा सांगणारच आहे. मोटरसायकलची बॅटरी 12 व्होल्टची म्हणतात, पण आत सहा सेल असतात आणि भरलेला प्रत्येक सेल साधारण 2.1 व्होल्ट देतो. म्हणून काही तास शांत उभ्या असलेल्या गाडीची भरलेली बॅटरी दाखवते 12.6, किंवा थोडं जास्तच. हा पहिला आकडा. 12.2 दिसलं तर ती निम्मी उतरलेली समजा. 12 च्या खाली गेली, तर ती रिकामीच. दुसरा आकडा गाडी चालू असतानाचा. इंजिनाला थोडी रेस दिली की बॅटरीच्या टर्मिनलवर साडेतेरा ते साडेचौदाच्या मध्ये व्होल्ट दिसायला हवेत. म्हणजे बॅटरी भरते आहे. तिसरा आकडा बटण दाबलेलं असतानाचा. स्टार्टर फिरत असताना बॅटरी दहाच्या बरीच खाली कोसळली, तर ती थकली आहे. हे मोजायला एक साधा मल्टिमीटर पुरतो. ज्याच्या घरी मोटरसायकल आहे, त्याच्या घरी तो असावा असं माझं ठाम मत आहे.

आता हे आकडे मला कुणी शिकवले, ते सांगतो.

मी तेव्हा विशीत होतो. माझ्या गाडीला किक नव्हती, फक्त बटण. पहिली बॅटरी गेली, मी दुसरी बसवली. ती वर्षभरही टिकली नाही, तिसरी बसवली. आठ महिन्यांनी तीही 'टक टक' करायला लागली. नेमकं त्याच आठवड्यात धाकट्या भावाची परीक्षा होती, परगावी. पहाटेची गाडी पकडायची होती. बाहेर अंधार, पावसाची रिपरिप. मी बटण दाबलं. हेडलाइट चांगला लख्ख होता, पण बटण दाबताच दिवा पार विझल्यासारखा झाला आणि स्टार्टर हललासुद्धा नाही. भावाच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं. शेवटी त्याने मागून ढकललं, मी दुसरा गिअर टाकून क्लच सोडला, आणि तिसऱ्या प्रयत्नात गाडी लागली. स्टेशनात पोचलो तेव्हा गाडी सुटायला चार मिनिटं होती. भाऊ धावत आत गेला. मी इंजिन बंद न करताच परत फिरलो आणि तडक मामांकडे गेलो.

माझे मामा आयुष्यभर वायरमन होते. दारात चहा घेत बसले होते. मी सगळं सांगितलं आणि म्हणालो, "मामा, ही तिसरी बॅटरी. यांच्या बॅटऱ्याच खराब निघतात."

ते म्हणाले, "गाडी बंद कर."

"मामा, बंद केली तर परत लागणार नाही."

"बंद कर म्हणतो ना. चालू गाडीत मला बघता येत नाही. आणि सीट काढ."

मी बंद केली. त्यांनी आतून मीटर आणला आणि दोन्ही सुया बॅटरीच्या टर्मिनलवर धरल्या. 12.3. थोडी उतरलेली, पण मेलेली नव्हे. मग म्हणाले, "हेडलाइट लाव, बटण दाब, आणि दिव्याकडे बघू नकोस, माझ्या मीटरकडे बघ." मी दाबलं. भिंतीवरचा उजेड नाहीसा झाला. मीटरवर मात्र 11.9. मी बटण सोडलं, उजेड क्षणात पूर्ववत झाला. मामांनी चारपाच वेळा तेच करायला लावलं.

मग त्यांनी जे केलं ते मी अजून डोळ्यांसमोर पाहतो. उजव्या हाताची मागची बाजू त्यांनी बॅटरीच्या एका टर्मिनलला लावली, मग दुसऱ्याला. तळहात नाही, हाताची पाठ. वायरमनची सवय ती. दोन्ही थंड होते. मग ऋण टर्मिनलची जाड काळी वायर धरून ते खाली खाली सरकत गेले, अगदी नाडी बघावी तसे, जिथे ती वायर बोल्टने गाडीच्या सांगाड्याला आवळलेली असते तिथपर्यंत. तिथे हात लावला आणि मला म्हणाले, "आता तू लाव."

ते टोक गरम होतं. चटका बसेल इतकं नाही, पण नुकत्याच रिकाम्या केलेल्या चहाच्या कपाइतकं. बाकी सगळी वायर थंड.

त्यांनी पान्याने बोल्ट काढला. वायरच्या टोकाला जी भोकाची चकती असते, जिला लग म्हणतात, तिच्याखाली हिरवट पांढरी भुकटी साचलेली होती. सांगाड्याच्या बाजूला गंज. बोल्ट घट्टच होता, बाहेरून काही कळलं नसतं. मामांनी पॉलिश पेपरने लग घासला, सांगाड्यावरची जागा चकचकीत होईपर्यंत घासली, बोल्ट आवळला आणि वरून पेट्रोलियम जेलीचा हात फिरवला. सगळं मिळून वीस मिनिटं. बटण दाबलं आणि इंजिन पहिल्याच झटक्यात लागलं.

मी निघणार तर ते म्हणाले, "थांब, अजून झालं नाही." त्यांनी चालू गाडीवर परत मीटर धरला. 14.1. मग मला विचारलं, "आधी चालू गाडीवर कधी मोजलं होतंस?" मोजलं होतं. दुसरी बॅटरी गेली तेव्हा एकाच्या मीटरवर मी ते पाहिलं होतं, 12.9. पण त्याचा अर्थ मला कळला नव्हता.

तो अर्थ मामांनी तिथेच समजावला, तोच तुम्हाला सांगतो, कारण अख्ख्या विषयाची किल्ली त्यात आहे. समजा त्या गंजलेल्या सांध्याने 0.3 ओहमचा अडथळा केला. हेडलाइटला लागतो तीनेक अँपिअर प्रवाह. तीन गुणिले 0.3, म्हणजे एक व्होल्टसुद्धा वाया जात नाही. दिवा लख्ख दिसतो. आता स्टार्टर ओढायला लागला तीस अँपिअर. तीस गुणिले 0.3, नऊ व्होल्ट! बाराचे नऊ सांध्यातच खर्ची पडले, त्यांचीच उष्णता झाली, आणि उरलेल्या तीन व्होल्टमध्ये ना स्टार्टर फिरतो ना दिवा लागतो. आणि हाच सांधा गाडी चालताना उलट्या दिशेनेही आडवा येतो. इंजिन बॅटरी भरायला बघतं, पण बॅटरीपर्यंत पोचतात 12.9. तेवढ्यात ती कधीच पूर्ण भरत नाही. सतत अर्धपोटी राहिलेली बॅटरी लवकर मरते. माझ्या दोन बॅटऱ्या अशाच गेल्या. त्यांच्यात दोष काहीच नव्हता. ती तिसरी मात्र त्या दिवसानंतर पाच वर्षं चालली. भाऊही परीक्षा पास झाला, तेवढं सांगून टाकतो.

म्हणून, श्रोतेहो, आधी मोजा. उभ्या गाडीवर 12.6, चालू गाडीवर साडेतेरा ते साडेचौदा, बटण दाबल्यावर दहाच्या फार खाली नाही. बटण दाबल्यावर दिवा मंद होतो आणि बॅटरीवरचा आकडाही कोसळतो, तर बॅटरी बघा. दिवा विझतो पण बॅटरीवरचा आकडा टिकून राहतो, तर वायर आणि सांधे बघा. चालू गाडीवर आकडा तेराच्याही खाली असेल, तर भरणारी यंत्रणा किंवा सांधे. आणि पंधराच्या वर गेला, तर रेग्युलेटर, म्हणजे बॅटरीला जाणारे व्होल्ट आवरणारा भाग, बिघडला आहे, तो बॅटरी उकळून टाकेल.

हे बोलताना मनातलं एक सांगतो. अनेक नव्या गाड्यांना किक देत नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं. बॅटरी उतरली तरी माणूस पायाच्या जोरावर घरी पोचायचा. शिवाय किक मारताना इंजिन मोकळं आहे की जड, कॉम्प्रेशन आहे की नाही, हे तळपायाला कळायचं. आता इंधनाचा पंपही विजेवर चालतो, त्यामुळे बॅटरी पार रिकामी झाली तर ढकलूनही अनेक गाड्या लागत नाहीत. म्हणजे बॅटरीची काळजी पूर्वीपेक्षा जास्तच घ्यायला हवी.

आता निवडीबद्दल. गाडीच्या पुस्तिकेत बॅटरीचा क्रमांक दिलेला असतो, तोच मागा. व्होल्ट तेच, अँपिअर-तास, म्हणजे बॅटरीत मावणाऱ्या विजेचं माप, तेवढंच, लांबी-रुंदी-उंची जागेत बसणारी, आणि धन टर्मिनल डावीकडे की उजवीकडे, हे जुन्या बॅटरीशी ताडून बघा. शेवटची गोष्ट लोक विसरतात. धन बाजू उलट असली की वायर पुरत नाही, ती ओढूनताणून लावली जाते, आणि चुकून उलटी जोडली तर फ्यूजपासून रेग्युलेटरपर्यंत काहीही जळू शकतं. बॅटरी कधी बनली ते तिच्यावर छापलेलं किंवा कोरलेलं असतं. शक्य तितकी ताजी घ्या, कारण नुसती ठेवून दिलेली बॅटरीही हळूहळू उतरते. कोरडी बॅटरी घेऊन त्यात ॲसिड भरून घेतलं असेल, तर ती मंद गतीने पूर्ण चार्ज केल्याशिवाय गाडीत घालू नका. घाई केलीत तर ती आपल्या पूर्ण ताकदीला पोचतच नाही.

पाणी घालायची जुनी बॅटरी, सीलबंद बॅटरी आणि लिथियमची बॅटरी, हे तीन प्रकार तुम्हाला दिसतील. पाण्याची असेल तर लक्ष द्यावं लागतं. सीलबंदमध्ये ॲसिड काचेच्या तंतूंच्या चटईत शोषलेलं असतं, ती रोजच्या वापराला सगळ्यांत सोयीची. लिथियम फारच हलकी, पण तिला योग्य चार्जर लागतो, गाडीचा रेग्युलेटर नीट हवा, आणि पाणी गोठेल इतक्या थंडीत ती चार्ज करायची नसते. साध्या गाडीला तिची गरज मला तरी वाटत नाही.

देखभालीचं थोडक्यात सांगतो, कारण वेळ फार उरलेला नाही. शिसं आणि ॲसिडची ही बॅटरी गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1859 साली तयार केली, आणि तिचा स्वभाव अजून तोच आहे, तिला रिकामं बसणं सोसत नाही. उतरलेल्या बॅटरीच्या पट्ट्यांवर सल्फेट धरतं. लगेच चार्ज केलं तर ते परत विरघळतं. आठवडेच्या आठवडे तसंच राहिलं तर त्याचे कडक खडे होतात, मग चार्जर काही करू शकत नाही. म्हणून गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर ऋण वायर सोडून ठेवा, नाहीतर घड्याळ आणि अलार्म गुपचूप बॅटरी पीत राहतात. चार्ज करताना प्रवाह क्षमतेच्या एक दशांश ठेवा, पाच अँपिअर-तासाची बॅटरी तर अर्धा अँपिअर. रोज दोन मिनिटं इंजिन चालू करून ठेवणं कामाचं नाही. सुरू करायला जेवढं खर्चलं तेवढंही त्यात परत येत नाही. अर्धा तास चालवून आणा.

पाण्याच्या बॅटरीत पातळी दोन खुणांच्या मध्ये असू द्या. घालायचं ते फक्त डिस्टिल्ड वॉटर. ॲसिड नाही, नळाचं पाणी नाही. टर्मिनलवर पांढरी भुकटी दिसली तर वायर काढून, पाण्यात खाण्याचा सोडा कालवून जुन्या टूथब्रशने धुवा, कोरडं करा आणि जेली लावा. झाकणातून तो सोडा आत जाऊ देऊ नका.

वायर काढताना ऋण आधी, लावताना ऋण शेवटी. पुन्हा सांगतो, काढताना ऋण आधी, लावताना ऋण शेवटी. धन बाजू सोडवताना पाना सांगाड्याला टेकला आणि ऋण वायर लागलेलीच असली, तर मोठी ठिणगी पडते. आणि चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो, तो एका ठिणगीने पेट घेतो. खिडकी उघडी ठेवा, विडी-सिगारेट लांब ठेवा, चिमटे लावून झाल्यावरच चार्जरचं बटण चालू करा. डोळ्याला चष्मा असलेला बरा. अंगावर ॲसिड उडालं तर भरपूर वाहत्या पाण्याने धुवा. डोळ्यात गेलं तर धुवा आणि थेट डॉक्टरांकडे जा.

गाडीला वरून जादा दिवे आणि कर्कश भोंगे लावणाऱ्यांनाही एक विनंती. त्यांनी बॅटरीवर भार पडतोच, पण रस्त्याकडेच्या घरात कुणी आजारी असतं, कुणाचं तान्हं बाळ नुकतंच डोळा लागून झोपलेलं असतं. मूळ भोंगा पुरेसा असतो.

आणि जुनी बॅटरी कचऱ्यात टाकू नका, घरात कोपऱ्यातही ठेवू नका. शिसं विषारी आहे, पण ते वितळवून पुन्हा नवी बॅटरी बनते. नवी घ्याल तिथेच जुनी परत द्या. नेताना उभीच धरा, टर्मिनलवर चिकटपट्टी लावा, आणि घरी आल्यावर हात साबणाने धुवा.

नमस्कार.