देश फोडायचा? आधी वाटणी मांडा

नमस्कार मंडळी. वेगळ्या विदर्भावरच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न फिरून फिरून येतोय: प्रांताप्रांतांची अस्मिता जुळत नसेल तर देश फोडावा का?

आधी गल्लत मिटवू. वेगळं राज्य म्हणजे वेगळा देश नव्हे. घटनेचं कलम 3, संसदेत साधं बहुमत. विधानसभेचं मत मागवतात, पण ते बंधनकारक नाही. तेलंगणा 2014 मध्ये असंच झालं. सैन्य, रुपया, पासपोर्ट तेच. तेव्हा 'आज विदर्भ, उद्या देशाचे तुकडे' हे कृपा करून लिहू नका.

आता देश. चेकोस्लोव्हाकियाचा दाखला सगळेच देतात: 1 जानेवारी 1993, गोळी न झाडता दोन देश. पण वाटणी कशी झाली ते कोणी सांगत नाही. जमीन, इमारती जिथल्या तिथे. बाकी मालमत्ता लोकसंख्येप्रमाणे, चेकांना दोन वाटे, स्लोव्हाकांना एक. एवढं ठरूनही सामायिक चलन फेब्रुवारीतच मोडलं. स्लोव्हाक पैसा घसरणार या धास्तीने ठेवी चेक बँकांकडे पळाल्या, आणि जुन्याच नोटांना तिकिटं चिकटवून दोन चलनं करावी लागली.

वाटणी अर्धवट राहिली तर? सुदान बघा. 2011 च्या सार्वमतात दक्षिणेतले जवळपास 99 टक्के मतदार वेगळं व्हा म्हणाले. तेलाचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग दक्षिणेत, पाइपलाइन आणि बंदर उत्तरेत, आणि वाहतुकीचा दर ठरलेलाच नाही! जानेवारी 2012 मध्ये दक्षिण सुदानने तेल काढणंच थांबवलं. सरकारची जवळजवळ सगळी कमाई त्यावरच होती, बाप्पा. दोघांच्या सीमेवरचा आबयेई प्रदेश कोणाचा, हा वाद तर अजून लोंबकळतोय.

राज्यांचंही तेच. हैदराबाद 2 जून 2024 पर्यंत तेलंगणा आणि आंध्र प्रदेश, दोघांची राजधानी होती, पण सामायिक संस्थांच्या मालमत्तेचं भांडण त्या दहा वर्षांत मिटलं नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. अस्मिता खरी असते, वेगळं होण्याची मागणी करायला ती पुरते. वेगळं व्हायला पुरत नाही. सीमा, कर्ज, चलन, पाणी हे मतदानाच्या आधी कागदावर हवं. नंतर ज्याच्या हातात नळ, तो दर सांगतो.

विदर्भवादी मित्रांनो, हाच हिशेब तुम्हालाही आहे. कोराडी, चंद्रपूरची वीजकेंद्रं आपल्या जमिनीवर. पण त्यांच्यावरचं कर्ज कोणाच्या खात्यात? पश्चिम महाराष्ट्राला जाणारी वीज कोणत्या दराने? खाली आकडा मांडून लिहा, पुढचा व्हिडिओ त्यावरच करू.