वारा पडलाय, की पतंग जड आहे?

मंडळी, आत येताना दारातच एका काकांनी मला अडवलं. म्हणाले, "अहो, बाहेर पान हलत नाहीये. आज काय उडवणार तुम्ही?" संक्रांतीला गच्चीवर उभं राहून आपण सगळ्यांनी हे कधी ना कधी म्हटलंय. वारा पडलाय! मी बरीच वर्षं पक्ष्यांच्या आकाराचे पतंग उडवतोय, तेही कमी वाऱ्यात. त्यावरून एवढं सांगतो, की बहुतेक वेळा वारा पडलेला नसतो. आपला पतंग जड असतो.

पक्षीच का, हा प्रश्न पुढे येणारच, म्हणून आधीच सांगून टाकतो. 'पतंग' या संस्कृत शब्दाचा एक अर्थच मुळी पक्षी असा आहे. इंग्रजीत पतंगाला घारीचं नाव दिलंय. चिनी भाषेत पतंगाचा एक जुना शब्द आहे, त्याचा सरळ अर्थ 'कागदी घार'. आपली वावडी मात्र पक्ष्यांपासून लांब राहिली आणि अफवांच्या कामाला लागली. चीनमध्ये मोझी नावाच्या तत्त्वज्ञाची गोष्ट सांगतात. त्याने तीन वर्षं खपून लाकडाची घार केली, ती एक दिवस उडाली आणि मोडली. माझ्या घरचे म्हणतात, तुझंही प्रमाण साधारण तेच.

माझी सुरुवात फजितीने झाली. बालीच्या किनाऱ्यावर कापडी गरुड विकायला असतात, रंगीत, पंख पसरलेले. तिथे समुद्राच्या वाऱ्यात तो एका हाताने सोडला आणि गेला वर. पुण्यात आणला, टेकडीवर नेला, तर महाशय जमीन सोडायला तयार नाहीत. मी धावतोय, गरुड मागून गवतातून फरफटत येतोय, आणि फिरायला आलेली आजोबा मंडळी सल्ले देतायत. शेवटी घरी येऊन स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवला. 210 ग्रॅम. मग पंखांचं क्षेत्रफळ मोजलं, ते साधारण अर्धा चौरस मीटर निघालं.

इथे थोडं गणित करू या, घाबरू नका. वारा जो उचल देतो ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. ताशी सात किलोमीटरचा, म्हणजे सेकंदाला दोन मीटरचा वारा बऱ्यापैकी पतंगाला एका चौरस मीटरमागे ढोबळमानाने 240 ग्रॅम उचलून देतो. वेग निम्मा झाला की 120 नाही, फक्त 60. माझ्या गरुडाचा भार होता चौरस मीटरला 420. म्हणजे त्याला नुसतं तरंगायलाच ताशी दहाएक किलोमीटर वारा हवा. थंडीतल्या पुण्याच्या सकाळी तो कुठून आणायचा? मग मी त्याचं कापड उसवलं. त्याच मापाचं हलकं रिपस्टॉप नायलॉन, म्हणजे चीर गेली तरी पुढे फाटत न जाणारं कापड, घातलं, बांबू काढून तीन मिलिमीटरच्या कार्बनच्या काड्या बसवल्या. वजन 85 ग्रॅमवर आलं. आता तो ताशी सहाच्या आसपास उठतो. चेहऱ्याला जेमतेम झुळूक जाणवते, तेवढ्यावर. वारा तोच, टेकडी तीच.

कोणी म्हणेल, मोठा करा की पतंग, जास्त वारा पकडेल. नाही पकडत. लांबी दुप्पट केली की कापड चौपट लागतं, आणि काड्या नुसत्या लांब करून भागत नाही, जाडही कराव्या लागतात. वजन क्षेत्रफळाच्या पुढे पळतं.

बांबूला मी नावं ठेवतोय असं समजू नका. बीजिंगचा पारंपरिक अबाबील पतंग, म्हणजे भिंगरी पक्ष्याच्या आकाराचा शा-येन, हा बांबूच्याच कामट्यांचा. पंखाला वर एक आणि खाली एक अशा दोन कामट्या, टोकाला एकत्र आणलेल्या. टोकापाशी कागद मुद्दाम ताणत नाहीत. वारा आला की तिथे खिसा फुगतो आणि जास्तीचा वारा मागे निसटतो. त्यामुळे शेपटीला चिंध्या न बांधता तो स्थिर उभा राहतो. लठ्ठ अबाबील म्हणजे पुरुष, सडपातळ ती बाई, छोटं ते पिल्लू, आणि जोडप्याचा वेगळा पतंग. पंखांवर वटवाघळं रंगवतात. आपल्याला वटवाघूळ अशुभ, पण चिनीत वटवाघूळ आणि सुख या शब्दांचा उच्चार एकच. 2008च्या बीजिंग ऑलिम्पिकच्या पाच शुभंकरांपैकी निनी आठवते का? ती हीच.

आणि आपला साधा पतंग? त्याच्याबद्दल मला फार आदर आहे. दोन कामट्या, पातळ कागद, वजन काही ग्रॅम. कमी वाऱ्यात त्याच्या तोडीचं काही नाही. तो चालतो कसा बघा. दोरा ताणला की आडवी कमान मागे वाकते, पतंगाची नाव होते आणि तो सरळ सुटतो. ढील दिली की कमान सपाट होते आणि तो गिरक्या घेतो. नाक हव्या त्या दिशेला आलं की हपका मारायचा. फक्त तो हाताला क्षणभर सवड देत नाही. माझ्या पक्ष्याचे पंख मुळातच थोडे वर उचललेले असतात. एका बाजूला कलला की आपोआप सावरतो. मला मान वर करून बघत बसायचं असतं, काटाकाटी करायची नसते.

हा दोरा बघा, हातात घेऊन पुढे द्या. शिवणयंत्राचा पॉलिएस्टरचा दोरा आहे. जाड दोऱ्याला स्वतःचं वजन असतं, त्याची झोळ पडते आणि पक्षी त्या झोळीतच अडकतो. कमी वाऱ्यात हाताला ओढ किती, तर कणकेच्या गोळ्याएवढी. काच नाही, धार नाही. नायलॉनच्या मांज्यावर राष्ट्रीय हरित लवादाने 2017 साली देशभर बंदी घातली, तरी संक्रांतीनंतर झाडांवर घारी आणि वटवाघळं लटकलेली दिसतातच. पक्ष्याचं सोंग घेऊन पक्ष्याचा गळा कापायचा, हे मला जमणार नाही.

आता ही गाठ, पतंगाला दोरा जोडतात ती. कोणी कन्नी म्हणतं, कोणी मंगळसूत्र. ही पाच मिलिमीटर शेपटीकडे सरकवली तर पक्षी छाती काढून उभा राहतो, चांगली ओढ देतो, पण वर चढत नाही. चोचीकडे सरकवली तर हवेत पुढे घसरत घसरत वर जातो. फार पुढे नेली तर गोत खाऊन डोक्यावर आपटतो. मी खिशात पेन्सिल ठेवतो आणि प्रत्येक जागेवर खूण करतो, कारण घरी आल्यावर कुठली गाठ चांगली होती ते आठवत नाही.

उडवताना पळायचं नाही, हे पहिलं. जमिनीलगत वारा सगळ्यात कमी असतो. मित्राला पतंग धरून तीस मीटर लांब उभं करा, वारा आपल्या पाठीवर घ्या, आणि हाताने सावकाश दोरा ओढत जा. झाडांच्या शेंड्यांच्या वर गेला की त्याला त्याचा वारा मिळतो.

आणि मग नऊच्या सुमाराला गंमत सुरू होते. रात्रभर थंड झालेली जमीन उन्हाने तापते, गरम हवेचे फुगे सुटायला लागतात. फुगा आपल्या पाठीमागच्या बाजूला असला, की हवा तिकडे खेचली जाते आणि पाठीवरचा वारा गायब होतो, कधी चक्क उलटतो. दोरा सैल पडतो. नवा माणूस घाबरून ओढतो. ओढू नका. हलका पक्षी नाक खाली करतो, तरंगत पुढे येतो, थेट डोक्यावर. तिथे तो फुग्यात शिरला तर मंद गिरकी घेत वर वर जायला लागतो, आणि आपण दोरा सोडत राहायचं. गेल्या जानेवारीत असाच गेला होता. बघतो तर त्याच फुग्यात खरी घार आली. दोन चकरा बरोबरीने घेतल्या, शेपूट इकडून तिकडे वळवत. एकदा इतकी जवळ आली की तिचं डोकं खाली वळलेलं दिसलं, माझ्या दोऱ्याकडे. मग कंटाळली आणि गेली.

कावळे मात्र कंटाळत नाहीत. ससाण्याच्या आकाराचा पतंग दिसला की आठ-दहा जण ओरडत येतात आणि वरून झडप घालतात. विलायतेतले शेतकरी अशाच पतंगांनी पिकावरची पाखरं हाकलतात, ते उगाच नाही. घरट्यांच्या दिवसांत मी ससाणा कपाटातच ठेवतो. त्या दिवसांत बगळा काढतो, पांढरा. त्याच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही.

तर काका, आत्ता बाहेर काही उडवणार नाहीये मी, संध्याकाळ झालीय. रविवारी टेकडीवर या. पहाटे नको, साडेआठला. येताना उदबत्ती आणा एक, धूर कुठे वळतो ते बघायला. वजनकाटा मी आणतो.