दारावरचा कागद

नमस्कार श्रोतेहो. निवडणुकीच्या ड्यूटीवर गेलेल्या आपल्याकडच्या कुठल्याही शिक्षकाला विचारा, मतदान संपल्यावर सगळ्यात जास्त जीव कशात अडकतो? कागदात. आकडे जुळले, सह्या झाल्या, प्रती एजंटांच्या हातात पडल्या की मगच चहा गोड लागतो. आजची गोष्ट अशाच एका कागदाची आहे, पण झिम्बाब्वेतली.

२९ मार्च २००८. अध्यक्षपदासाठी सत्तेवर असलेले रॉबर्ट मुगाबे विरुद्ध विरोधी पक्षाचे नेते मॉर्गन त्स्वांगिराई. तिथं मतमोजणी मतदान केंद्रातच होते आणि त्या वर्षी निकालाचा तक्ता केंद्राच्या दाराबाहेर चिकटवणं कायद्यानं बंधनकारक होतं. त्याचं नाव व्ही-११. ही अट आली होती शेजाऱ्यांच्या मध्यस्थीतून. 'सॅडेक' या प्रादेशिक संघटनेच्या वतीनं दक्षिण आफ्रिकेचे अध्यक्ष थाबो एम्बेकी दोन्ही बाजूंशी बोलत होते, त्या बोलण्यांतून. माझ्या मते, त्या सगळ्या मध्यस्थीतून हातात पडलेली सगळ्यात उपयोगाची वस्तू हीच.

कारण लोकांनी त्या तक्त्यांचे मोबाइलवर फोटो काढले. निवडणुकीवर नजर ठेवणाऱ्या स्थानिक संस्थांच्या जाळ्यानं निवडक केंद्रांचे आकडे घेऊन दोनच दिवसांत अंदाज जाहीर केला : त्स्वांगिराई ४९.४ टक्के, मुगाबे ४१.८. निवडणूक आयोग मात्र गप्प. अध्यक्षपदाचा निकाल लागला २ मे रोजी. पाच आठवड्यांनी! त्यातही त्स्वांगिराईच पुढे होते, ४७.९ टक्के. पण निम्म्याहून अधिक मतं नाहीत, म्हणून दुसरी फेरी.

मधल्या काळात विरोधकांना मत दिल्याच्या संशयावरून गावोगाव मारहाण सुरू झाली होती. त्या मोहिमेला लोकांत नाव पडलं 'मकाव्होतेरापापी', म्हणजे 'मत कुठं टाकलंत?' २२ एप्रिलला देशातल्या कॅथलिक, इव्हँजेलिकल आणि इतर चर्चसंघटनांनी मिळून पत्रक काढलं. सॅडेक, आफ्रिकन युनियन आणि संयुक्त राष्ट्रांनी मध्ये पडावं. नाही पडलात तर केनिया, रवांडा, बुरुंडीत झालं तसा नरसंहार इथंही होईल, असं त्यात स्पष्ट म्हटलं होतं. त्याच्या दहा दिवस आधी एम्बेकी राजधानी हरारेला उतरले होते. मुगाबेंच्या हातात हात घालून उभे राहिले आणि पत्रकारांना म्हणाले, संकट वगैरे काही नाही. पुढे ते लुसाकाला गेले. तिथं झांबियाचे अध्यक्ष लेव्ही म्वानावासा यांनी याच 'नसलेल्या' संकटावर तातडीची शिखर परिषद बोलावली होती!

राष्ट्रप्रमुख शब्द तोलत बसले होते, तेव्हा हालचाल झाली ती दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बन बंदरात. 'आन युए जियांग' हे चिनी जहाज झिम्बाब्वेसाठी शस्त्रं आणि काडतुसं घेऊन तिथं येऊन थांबलं होतं. गोदी कामगारांच्या संघटनेनं सांगितलं, आम्ही माल उतरवणार नाही. अँग्लिकन बिशप रुबिन फिलिप आणि त्यांचे सहकारी कोर्टात गेले. १८ एप्रिलला कोर्टानं ही शस्त्रं दक्षिण आफ्रिकेतून पुढं न्यायला मनाई केली आणि जहाजानं त्याच दिवशी माल न उतरवता नांगर उचलला. शेजाऱ्याचा हस्तक्षेप म्हणतात तो हा. सैन्य नाही, धमकी नाही. फक्त क्रेन हलली नाही.

दुसरी फेरी २७ जूनला झाली. त्स्वांगिराईंनी पाच दिवस आधीच माघार घेऊन डच वकिलातीत आसरा घेतला होता. तरी लोक रांगेत उभे होते, कारण बोटाला शाई दिसली नाही तर मार बसेल ही भीती. आपण मत दिलं की शाईचं बोट कौतुकानं फोटोत पुढं करतो. तिथं तीच शाई जीव वाचवायला लावून घ्यायची. मुगाबेंना ८५ टक्के मतं पडली. या वेळी सॅडेकच्या निरीक्षकांनीही सांगितलं की हा लोकांचा कौल नाही. सप्टेंबरमध्ये एम्बेकींनीच समझोता घडवला : मुगाबे अध्यक्ष, त्स्वांगिराई पंतप्रधान.

ऑगस्ट २०२३ मध्ये पुन्हा निवडणूक झाली. मतदानाच्या रात्री हरारेत पोलिसांनी धाडी घातल्या आणि चाळीसेक कार्यकर्त्यांना पकडून नेलं, त्यांचे संगणक आणि फोनही जप्त केले. केंद्राकेंद्रांवरचे आकडे गोळा करायला बसलेली माणसं होती ती.