चॅल्कोपायराइट हे तांब्याचं खनिज विरघळत का नाही?

तांब्याची खाण म्हटलं की भट्टी आठवते, पण जगातलं बरंच तांबं भट्टीत न जाताच निघतं. दगड फोडून त्याचा मोठा ढीग रचायचा, वरून पातळ सल्फ्युरिक अ‍ॅसिड ठिबकत ठेवायचं, खालून निळं पाणी गोळा करायचं, याला हीप लीचिंग म्हणतात. ऑक्साइड खनिज असेल तर नुसतं अ‍ॅसिड पुरतं, सल्फाइडला नाही पुरत, कारण तिथे गंधकाने तांबं धरून ठेवलेलं असतं आणि ती पकड सोडवायची तर गंधकाकडचे इलेक्ट्रॉन कोणीतरी काढून घ्यावे लागतात.

ते काम फेरिक लोखंड करतं, म्हणजे द्रावणातलं, तीन इलेक्ट्रॉन गमावलेलं लोखंड. एक इलेक्ट्रॉन घेतला की फेरिकचं फेरस (दोनच इलेक्ट्रॉन गमावलेलं लोखंड) होतं आणि त्याचं काम संपतं. मग त्याला परत फेरिक कोण करणार? हवेतला ऑक्सिजन करतो, पण अ‍ॅसिडमध्ये इतका हळू की बघत बसावं. इथे बॅक्टेरिया येतात. १९४७ मध्ये कोळसा खाणीतून झिरपणाऱ्या आंबट पाण्यात असे जीव सापडले, फेरसचं फेरिक करून त्यातूनच स्वतःची ऊर्जा मिळवणारे. स्पेनच्या रिओ टिंटो नदीचं लाल पाणी हेसुद्धा यांचंच काम, आणि तिथे खाणीच्या पाण्यात भंगार लोखंड टाकून तांबं काढायची पद्धत तर बॅक्टेरिया माहीत व्हायच्या कितीतरी आधीची आहे!

या पद्धतीने चॅल्कोसाइट या सल्फाइड खनिजातलं अर्धं तांबं झटपट सुटतं, उरतं ते कोव्हेलाइट या दुसऱ्या, कमी तांब्याच्या सल्फाइडसारखं काहीतरी, ते हळू विरघळतं पण विरघळतं. चिलीत १९८० पासून चॅल्कोसाइटचं हे लीचिंग मोठ्या प्रमाणावर चालू आहे.

खरी अडचण चॅल्कोपायराइटची. जगातलं बहुतेक तांबं याच्यातच आहे, वजनाने साधारण ३५ टक्के तांबं, बाकी लोखंड आणि गंधक. तांब्याच्या एका अणूमागे चार फेरिक लागतात. सुरुवात बरी होते, मग वेग पडतो, कारण पृष्ठभागावर एक पातळ थर धरतो. तो थर गंधकाचा, पॉलिसल्फाइडचा (धातू कमी आणि गंधक जास्त असलेल्या सल्फाइडचा) की जॅरोसाइट या लोखंडाच्या सल्फेटचा, यावर अजून वाद चालू आहे, आणि माझ्या मते प्रत्येक ठिकाणी उत्तर एकच असेल असंही नाही.

आता हे नीट ऐका, मला स्वतःला हे पटायला वेळ लागला. आपण म्हणू की फेरिक वाढवा, वेग वाढेल. चॅल्कोपायराइटचं उलटं आहे, द्रावणाचं रेडॉक्स पोटेन्शियल (इलेक्ट्रॉन ओढून घ्यायची ताकद, फेरसच्या मानाने फेरिक वाढलं की ही वाढते) फार चढलं की वेग कमी होतो, मध्यम ठेवलं तर जास्त विरघळतं. म्हणजे जे बॅक्टेरिया चॅल्कोसाइटला जीव तोडून मदत करतात तेच इथे फेरसचा शेवटचा थेंबही फेरिक करून टाकतात आणि काम अडतं. म्हणून बॅक्टेरिया आवरायला कोणी हवा मोजून देतं, कोणी तापमान वाढवून ६५-७० अंशांत जगणारे जीव वापरतं, कोणी चांदीचे आयन टाकतं (काम होतं, पण चांदी परत मिळवायची कशी?), चिलीत तर मीठ घालतात, क्लोराइडमुळे गंधकाचा थर सच्छिद्र राहतो आणि द्रावण आत पोचतं.